ग्राफिक कार्ड : ३०६० घ्यावे की ४०६०?
कापडाची नक्षी संगणकावर बनविणाऱ्या बांधवांसाठी एक हिशेब

कापडाच्या धंद्यात संगणक आता नवा राहिलेला नाही. भिवंडी, इचलकरंजी, सुरत आणि आमच्या जिल्ह्यातील मालेगाव येथे जॅकार्डची नक्षी, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, साडी आणि ड्रेस मटेरियलचे प्रिंट ही कामे करणाऱ्यांच्या टेबलावरून ग्राफ पेपर व रंगाच्या बाटल्या हळूहळू गेल्या आणि तेथे पडदा व कीबोर्ड आला. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे काम करते आणि त्यातून घराला चार पैसे मिळतात. संगणक जुना झाला, नवा जोडून घ्यायचा म्हटले की दुकानदार कोटेशन देतो. त्या कोटेशनमध्ये बहुतेक वेळा सर्वांत महाग ओळ एकाच वस्तूची असते. ती वस्तू म्हणजे ग्राफिक कार्ड.

वडील म्हणतात, एवढे पैसे कशाला? मुलगा म्हणतो, अब्बा, याशिवाय काम होत नाही. दुकानदार मुलाच्या बाजूने बोलतो. ३०-३५ हजारांची वस्तू घरात येते आणि ती कशासाठी आली हे वडिलांना शेवटपर्यंत कळत नाही. कापड घेताना आपण काउंट विचारतो, रीड-पिक मोजतो, पन्हा टेपने तपासतो, सूत जाळून पाहतो. मग येथेच डोळे मिटून पैसे का मोजावेत? या वस्तूचेही रीड-पिक असते आणि ते डब्यावर लिहिलेले असते. वाचता आले पाहिजे एवढेच.

गेल्या काही वर्षांत मध्यम किमतीत ज्या दोन कार्डांची नावे सर्वांत जास्त ऐकू आली ती दोन्ही एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीची आहेत. एक आरटीएक्स ३०६०. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये आले, मेमरी १२ जीबी. दुसरे आरटीएक्स ४०६०. ते जून २०२३ मध्ये आले, मेमरी ८ जीबी. नवे कार्ड, मोठा नंबर, पण मेमरी कमी! आणि बाजारात आले तेव्हा अमेरिकेत किंमतही कमी. जुन्याची ३२९ डॉलर, नव्याची २९९. गिऱ्हाइकाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. माझ्याकडे प्रिंटचे नमुने घेऊन येणाऱ्या एका तरुणाने मला सरळ विचारले, “चाचा, बारावाले घेऊ की आठवाले?” जणू डाळीचे भाव विचारावेत.

माग किती आणि चाल किती

पहिला आकडा कोअरचा. कोअर म्हणजे कार्डाच्या आत हिशेब करणारे छोटे छोटे कारीगर. ३०६० मध्ये ते ३५८४ आहेत, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्यात कमी. पण यंत्रमाग चालविणारा माणूस एवढ्यावर निकाल देणार नाही. तो विचारील, मागाची चाल किती? ३०६० ची कमाल चाल कंपनीने १७७७ मेगाहर्ट्झ दिली आहे, ४०६० ची २४६०. आता गुणाकार करा. ३५८४ गुणिले १७७७ आणि ३०७२ गुणिले २४६०. दुसरा गुणाकार पहिल्यापेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी मोठा येतो. माग कमी, पण चाल जास्त, म्हणून दिवसाकाठी कापड जास्त उतरते.

हा केवळ कागदी हिशेब नाही. खेळ चालवून ज्यांनी या दोन कार्डांची तुलना केली त्यांच्या मोजणीतही साधारण १५ ते २० टक्क्यांचाच फरक निघाला. ब्लेंडरसारख्या कार्यक्रमात त्रिमिती चित्र तयार करायचे असेल तर नव्या कार्डाची आघाडी याहूनही वाढते. मात्र दुकानदार ‘दुप्पट फास्ट’ म्हणू लागला तर समजावे की तो वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत आहे. ४०६० मध्ये खेळाच्या दोन चित्रांच्या मध्ये एक बनावट चित्र आपोआप भरण्याची सोय आहे, ती ३०६० मध्ये नाही. त्यामुळे पडद्यावर चित्रांची संख्या फुगते. खेळणाऱ्या पोराला ते बरे वाटेल, नक्षी करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पन्हा आणि कांड्या

दुसरा आकडा मेमरीच्या रुंदीचा. याला इंग्रजीत बस म्हणतात, आपण पन्हा म्हणू. ३०६० चा पन्हा १९२ बिट, ४०६० चा १२८ बिट. मेमरीची चाल जुन्यात १५, नव्यात १७ गिगाबिट. १९२ ला १५ ने गुणून ८ ने भागा, ३६० येतात. १२८ ला १७ ने गुणून ८ ने भागा, २७२ येतात. म्हणजे जुने कार्ड दर सेकंदाला ३६० जीबी माल आत-बाहेर करू शकते, नवे २७२. येथे जुने कार्ड स्पष्टपणे सरस आहे.

मग कमी मालावर नवे कार्ड जास्त काम कसे काढते? त्याचे उत्तर कॅशमध्ये आहे. मागाजवळ भरलेल्या कांड्यांची टोपली ठेवलेली असली तर कारीगराला प्रत्येक वेळी गोदामात जावे लागत नाही. ३०६० मध्ये ही टोपली ३ एमबीची होती, ४०६० मध्ये ती २४ एमबीची केली आहे. काम टोपलीत मावेल तोवर अरुंद पन्ह्याची उणीव जाणवत नाही. काम मोठे झाले, टोपली रिकामी पडू लागली की मग गोदामाचा दरवाजा किती रुंद आहे ते कळते.

आणि गोदामच भरले तर? हा प्रश्न ८ आणि १२ जीबीच्या वादाचे मूळ आहे. कार्डाची मेमरी पुरली नाही तर माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तेथून मदरबोर्डावरील खाचेतून ये-जा करतो. तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या मानाने फारच अरुंद असतो, म्हणून कामाची गती एकदम कोसळते. मिनिटाचे काम पाच-दहा मिनिटे घेऊ लागते, किंवा कार्यक्रम मेमरी संपल्याचे सांगून बंद पडतो. त्यातच ४०६० ला या खाचेतील १६ पैकी ८ च ओळी जोडलेल्या आहेत, ३०६० ला १६. नव्या मदरबोर्डावर हा फरक सहसा जाणवत नाही. पण चार-सहा हजारांत जुना संगणक घेऊन त्यातच नवे कार्ड बसविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या जुन्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी असते. तेथे ३०६० ला सेकंदाला साधारण १६ जीबीचा रस्ता मिळतो आणि ४०६० ला ८ जीबीचा. जुन्या संगणकात घालायचे असेल तर ही गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगणार नाही, आपणच विचारावी.

विजेचा आकडा मात्र नव्याच्या बाजूने आहे. ३०६० पूर्ण ताकदीने चालताना १७० वॉट घेते, ४०६० ११५ वॉट. फरक ५५ वॉटचा. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण ताकदीने चालविले तरी १३२ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,३२० रुपये. आणि नक्षीच्या कामात कार्ड दिवसभर पूर्ण ताकदीने कधीच चालत नाही. तेव्हा वीज वाचते म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात छोट्या खोलीत उष्णता कमी होते आणि बॅटरीवरचा भार हलका होतो, हा फायदा मात्र खरा.

आपल्या कामाला कार्ड लागते तरी का?

येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण पैसे येथेच वाचतात.

जॅकार्डची नक्षी घ्या. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये २६८८ हुक हा नेहमीचा आकार आहे. नक्षीचा एक रिपीट ४००० पिकांचा धरला तर एकूण ठिपके झाले १ कोटी ७ लाख ५२ हजार. ऐकायला आकडा मोठा आहे. पण या नक्षीत रंग मोजकेच असतात आणि एका ठिपक्याला एक बाइट पुरतो. म्हणजे सगळी नक्षी १० एमबीच्या आसपास. ८ जीबीच्या कार्डात अशा सुमारे ८०० नक्ष्या एकाच वेळी मावतील! एम्ब्रॉयडरीची फाइल तर त्याहून लहान असते, कारण तिच्यात चित्र नसते, सुई कोठून कोठे जावी याची यादी असते. डॉबीचे तर बोलायलाच नको.

ज्यांचे काम एवढेच आहे त्यांना ही दोन्ही कार्डे नकोत. प्रोसेसरच्या आतच जे साधे ग्राफिक येते ते या कामाला पुरेसे आहे. फक्त एक काळजी घ्यावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असते त्यात हे ग्राफिक नसते. दुकानदार तो थोडा स्वस्त म्हणून कोटेशनमध्ये घालतो आणि मग कार्ड घेणे भाग पडते. म्हणून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास आपला माग तयार केला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून तो माग नक्षी वाचत असे. त्याच पद्धतीने पुढे १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले आणि त्यासाठी २४ हजार पत्ते लागले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने ते चित्र स्वतःकडे ठेवले होते आणि आपल्या हिशेबाच्या यंत्रासाठी पत्त्यांची कल्पना तेथूनच घेतली. १८९० मध्ये अमेरिकेची जनगणनाही भोकांच्या पत्त्यांवर मोजली गेली. संगणकाच्या खानदानात माग हा आजोबांच्या जागी आहे. विणकराने संगणकाला बिचकण्याचे कारण नाही.

आता प्रिंटचे काम. येथे फाइल खरोखर मोठी होते. साडेपाच मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद साडी इंचाला ३०० ठिपक्यांनी बनविली तर लांबीत सुमारे ६५ हजार आणि रुंदीत साडेतेरा हजार ठिपके होतात. दोहोंचा गुणाकार ८८ कोटी. प्रत्येक ठिपक्याला चार रंगांचे चार बाइट धरले तर एकच थर साडेतीन जीबीचा. थर चार-पाच झाले की बघायला नको. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल तर एका बाजूला ३० हजार ठिपक्यांच्या पुढे जातच नाही, त्यासाठी पीएसबी प्रकार वापरावा लागतो. कापडावर इंचाला १५० ठिपके पुष्कळ वेळा पुरतात, आणि तेवढेच ठेवले तर फाइल चौथाईवर येते.

पण हे सगळे ओझे प्रथम कोणावर पडते? कार्डावर नव्हे, संगणकाच्या रॅमवर आणि डिस्कवर. फोटोशॉप कार्डाचा उपयोग ठरावीक कामांनाच करते. चित्र मोठे-लहान करून पाहणे, काही फिल्टर, फोटोतील दाणे घालविणे अशा कामांना. बाकी ओझे प्रोसेसर आणि रॅम उचलतात. म्हणून ज्याच्याकडे १६ जीबी रॅम आहे आणि जुनी फिरती हार्ड डिस्क आहे त्याने ३० हजारांचे कार्ड घेणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचा हॉर्न बसविणे होय. प्रथम रॅम ३२ किंवा ६४ जीबी करावी, एसएसडी घालावी. त्यानंतर पैसे उरले तर कार्ड.

आणि रंग? शेडवरून आपल्या धंद्यात किती भांडणे होतात ते सांगायला नको. पडद्यावर मेंदी रंग होता, कापडावर शेवाळी आला, पार्टीने माल परत केला. कित्येकांची समजूत अशी की भारी कार्ड घेतले म्हणजे रंग खरे दिसतील. तसे मुळीच नाही. कार्ड पडद्याला आकडे पाठविते आणि ते आकडे दोन्ही कार्डांतून सारखेच जातात. रंग खरा-खोटा दाखविणे पडद्याच्या हातात आहे. स्वस्त टीएन पॅनेलच्या पडद्याकडे मान थोडी तिरकी करून पाहिले तरी रंग बदलतो. प्रिंटचे काम करणाऱ्याने आयपीएस पॅनेलचा पडदा घ्यावा आणि मापक यंत्र लावून त्याचे रंग जुळवून घ्यावेत. हे यंत्र चौघांनी मिळून एक घेतले तरी चालते. कार्डाचे पैसे वाचवून ते पडद्यात घालणे हा माझ्या मते या सगळ्या खरेदीतला सर्वांत शहाणा बदल आहे.

कार्डाची खरी गरज दोन ठिकाणी पडते. एक, शिवलेला कपडा अंगावर कसा पडेल हे दाखविणारे क्लो सारखे त्रिमिती कार्यक्रम. दुसरे, कृत्रिम बुद्धीने नक्षी तयार करणे. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन हा कार्यक्रम सर्वांना खुला झाला, तेव्हापासून घरच्या संगणकावर बुट्टे, जाळ्या, पदर यांचे नमुने काढणे शक्य झाले. (जानमाजच्या कापडासाठी वेलबुट्टी मागितली तर हे यंत्र मध्येच एखादा पक्षी बसवून देते, तेव्हा माल छापायला देण्यापूर्वी नजर फिरवावी.) या कामात मेमरीचे महत्त्व सर्वांत जास्त. लहान नमुने ८ जीबीत निघतात. पण मोठे चित्र किंवा आपल्या स्वतःच्या जुन्या नक्ष्या शिकवून त्याच घराण्याचे नवे नमुने काढायचे असतील तर ८ जीबी लगेच भरते आणि १२ जीबीवाले जुने कार्ड, चाल कमी असूनही, काम पुरे करून देते. दमलेला घोडा मुक्कामाला पोहोचतो, अडलेला नाही.

तेव्हा त्या तरुणाला मी जे सांगितले तेच येथे लिहितो. जॅकार्ड, डॉबी, एम्ब्रॉयडरी असेल तर दोन्ही नको. फोटोशॉपचे प्रिंट आणि संगणक नवा असेल तर ४०६० चालेल, पण रॅम व पडद्याच्या नंतर. कृत्रिम बुद्धीचे काम खरोखरच करायचे असेल, किंवा बोर्ड जुना असेल, तर १२ जीबीचे ३०६० बरे. आता ही दोन्ही मागच्या पिढीची झाली आहेत. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आले, त्याची मेमरी अधिक वेगवान आहे, पण ती ८ जीबीच. त्याच्या आधी एप्रिलमध्ये आलेले ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन मेमरींत मिळते. नाव एकच, माल दोन.

नाव एक, माल दोन

हा प्रकार या बाजारात जुना आहे. ३०६० चेही तेच झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच नावाने ८ जीबीचे कार्ड आले. केवळ मेमरी कमी केली असती तर समजण्यासारखे होते. पन्हाही १९२ वरून १२८ वर आणला आणि ३६० चा वेग २४० झाला. डब्यावर नाव तेच, आरटीएक्स ३०६०. ठाणावर एकच छाप मारून आत पन्हा कमी करणाऱ्याला आपल्या बाजारात काय म्हणतात ते वाचकांना माहीत आहे. २०१४ चे जीटीएक्स ९७० हे कार्ड ४ जीबीचे म्हणून विकले गेले, पण त्यातील शेवटची अर्धी जीबी अतिशय मंद आहे हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेतील गिऱ्हाइकांनी दावा लावला आणि २०१६ मध्ये कंपनीने प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड केली. मापात कमी करणाऱ्यांबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे तो तराजूपुरताच आहे असे कोणी समजू नये.

दुसरा धोका वापरलेल्या कार्डांचा. इथेरियम नावाचे आभासी चलन कमावण्यासाठी जगभर लाखो कार्डे दिवसरात्र चालविली जात होती. ३०६० आले तेव्हा कंपनीने या कामातील त्याची ताकद निम्मी करून टाकली होती, आणि पुढच्याच महिन्यात चुकून तो लगाम सोडणारे सॉफ्टवेअर स्वतःच बाहेर सोडले! १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि ती कार्डे पुसून-धुऊन बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून मोबाइलवरच्या जाहिरातींपर्यंत वापरलेले कार्ड मिळते. घेऊ नये असे मी म्हणत नाही, स्वस्तात चांगली वस्तू मिळतेही. पण विकणाऱ्याने ते कोणत्या कामावर चालले हे सांगितले पाहिजे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्या व्यापाऱ्याला विचारले, हा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला आहे. आपल्यातही आता कार्डे विकणारी मुले आहेत, त्यांनीही तो लक्षात ठेवावा.

तपासणी अवघड नाही. जीपीयू-झेड नावाचा फुकट मिळणारा छोटा कार्यक्रम आहे. तो चालविला की कार्डात खरोखर कोणती चिप आहे, कोअर किती, पन्हा किती, मेमरी किती हे समोर येते. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकार इतके झाले की २०१८ पासून हा कार्यक्रम अनेक नकली कार्डे ओळखून तसे लिहूनच दाखवितो. १२ जीबीच्या ३०६० मध्ये ३५८४ आणि १९२ हे दोन आकडे दिसलेच पाहिजेत. त्यानंतर अर्धा तास जड काम लावून पंख्याचा आवाज आणि उष्णता पाहावी. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर तेथून उठावे.

हप्त्यांबद्दलही लिहिणे भाग आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ पाहून आपले लोक समजतात की यात व्याज नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही, ते प्रोसेसिंग फी वगैरे रूपाने लपविले जाते. कार्डावरच्या अशा हप्त्यांत बँक आपले व्याज लावतेच. दुकानदार तेवढी सूट देऊन ते झाकतो, आणि त्या व्याजावर जीएसटी लागतो तो वेगळा. रोख घेतले तर तीच सूट आपल्याला मिळते का, हे विचारावे. मिळत असेल तर व्याज कोठे लपले होते ते आपोआप कळेल. दोन-तीन महिने थांबून रोख घेतल्याने कोणाची नक्षी अडत नाही, कारण वर पाहिले तसे बहुतेकांचे काम कार्डावर अडलेले नाहीच.

आणि बिल पक्के घ्यावे. या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. ज्याची जीएसटी नोंदणी आहे आणि जो कंपोझिशनमध्ये नाही, त्याने धंद्यासाठी घेतलेल्या कार्डावरचा कर नियमाप्रमाणे वळता करून घेता येतो. त्यासाठी बिलावर आपला नंबर हवा. ‘ग्राफिक कार्ड १ नग’ असे मोघम बिल स्वीकारू नये. बनविणाऱ्याचे नाव, पूर्ण मॉडेल, मेमरी किती जीबी आणि डब्यावरचा सिरियल नंबर, हे सगळे बिलावर लिहून घ्यावे आणि दुकानातून निघण्यापूर्वी डबा उघडून कार्डावरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहावा.